मायक्रोबायॉलॉजीच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,

वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर सर्जनचं नाव आहे, फिजिशियनचं आहे, तुमचं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

बाबांना ताप होता आणि पोट-कंबर दुखत होती. या वयात कंबर दुखायचीच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जिवाणू वाढतात का ते बघायची तपासणी) घ्यायचं, आणि ऑक्सिजन असलेली व नसलेली अशा दोन्ही बाटल्या भरायच्या, हा नियम तुमचा. सिस्टर तेव्हा म्हणाल्याही, "मॅडम एक बाटली चालवून घेत नाहीत." जिवाणू वाढला तो नेमका ऑक्सिजन नसलेल्या बाटलीत. दुसरीत काहीच नाही.

पक्का रिपोर्ट यायची वाट न पाहता तुम्ही स्वतः वॉर्डात फोन केलात. ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना) क्लॉस्ट्रिडियम या ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूसारखे दंडगोल दिसतायत, बाहेरची भेसळ म्हणून सोडून देऊ नका, पोटाचा सीटी करा. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या सीटीत) महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, भिंत एका बाजूला फुगलेली निघाली. भोवती सूज आणि भिंतीत चक्क वायूचे बुडबुडे! रेडिओलॉजिस्टनी ते काळे ठिपके बोट ठेवून दाखवले, तेव्हा कुठे आम्हाला प्रकरण कळलं. हा फुगा केव्हाही फुटू शकत होता. कंबरदुखीच्या गोळ्या घेत बसलो असतो तर काय झालं असतं, ते लिहवत नाही.

पुढे जिवाणूचं पूर्ण नाव आलं: क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम. तुमचा लगेच दुसरा फोन: "मोठं आतडं बघा." हा जिवाणू रक्तात सापडला की बऱ्याचदा आतड्यात गाठ असते; तिथल्या फाटक्या अस्तरातून तो रक्तात शिरतो आणि चरबीच्या थरांनी खडबडीत झालेल्या धमनीत ठाण मांडतो. कोलोनोस्कोपीत उजव्या बाजूला गाठ मिळाली. बाबांना आतड्याची म्हणून कसलीच तक्रार नव्हती, त्यामुळे ती शोधायला एरवी कोण गेलं असतं?

धमनीचा सडलेला भाग काढला, कृत्रिम नळी बसवली, कित्येक आठवडे शिरेतून औषधं चालली, मग आतड्याचं ऑपरेशन. सर्जनचे हात सोन्याचे, त्यांचे आभार समोरासमोर मानलेत. पण कुठे बघायचं हे तुम्ही सांगितलंत.

बाबा आता जेवणावरून कुरकुर करण्याइतके बरे आहेत. पुढच्या तपासणीला आलो की त्यांना लॅबमध्ये यायचंय. स्लाइड जपून ठेवली असेल तर तो जिवाणू एकदा बघायचाय म्हणतात.

आपला कृतज्ञ,
एका पेशंटचा मुलगा