जमिनीखाली उतरलेल्या सहाजणी

सातारा

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "असले सिनेमे बघतेस तरी कशाला? झोप कशी लागते तुला?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सवडीनं लिहिते. तू सिनेमा बघावास असा माझा आग्रह नाही. भाऊजी गेल्यापासून तुला अंधार झालेला चालत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच शेवटासकट सगळं लिहिणार आहे.

सिनेमाचं नाव 'द डिसेंट', २००५ सालचा, नील मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाचा. सारा नावाच्या बाईचा नवरा आणि लहानगी पोर गाडीच्या अपघातात जातात. वर्षभरानं तिच्या मैत्रिणी तिला अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरात गुहेत उतरायला घेऊन जातात. सगळ्या मिळून सहाजणी. मार्शलच्या डोक्यात आधी बायका-पुरुषांची मिळून टोळी होती, मग त्यानं सगळ्या बायकाच घेतल्या. आणि सुमे, या बायका कामाच्या आहेत गं! दोर कुठं अडकवायचा, दरी कशी ओलांडायची, सगळं त्यांना येतं. एकीचा पाय मोडून हाड बाहेर येतं, तर डॉक्टरकी शिकणारी सॅम ते बसवून बांधते आणि बाकीच्या तिला घट्ट धरून ठेवतात. नुसतं किंचाळायला म्हणून कुणालाच ठेवलेलं नाही. पडद्यावर बायकांना असं कितीदा बघायला मिळतं?

सगळा घोळ त्यातल्या जूनोचा. सहल तिनं आखलेली. माहितीतल्या, नकाशा असलेल्या गुहेत चाललोय असं तिनं सगळ्यांना सांगितलेलं असतं. आत गेल्यावर मागचा बोळ ढासळतो, वाट बंद होते, आणि तेव्हा कळतं की ही ती गुहाच नव्हे. इथं आजवर कुणी आलेलं नाही, पहिलं पाऊल आपलं पडावं, असं जूनोच्या मनात. माहितीचं पुस्तक तिनं मुद्दाम गाडीत ठेवलेलं. म्हणजे यांना शोधायला कुणी निघालंच तर ते भलत्याच गुहेत शोधणार. माझ्या पोटात गोळा आला तो इथं. गुहेत राहणारी पांढरी, आंधळी, नुसत्या आवाजावर शिकार करणारी माणसासारखी जनावरं तर अजून नीट दिसलेलीही नव्हती.

आमच्या माण भागातल्या विहिरी तू बघितल्यास ना? उन्हाळ्यात यारी लावून दगड वर काढायचे, तळाशी आडवे बोअर मारायचे. खाली माणूस असला की काठावर एकजण बसलेला असायचाच. बिडी ओढेल, तंबाखू मळेल, पण जागा सोडायचा नाही. कान सगळा खाली. बराच वेळ आवाज आला नाही तर तो हाक मारायचा, आणि खालून ओ आली की पुन्हा गप्प बसायचा. वासोट्याच्या किल्ल्यावर आम्ही बायका जातो तेव्हाही बामणोलीत वनखात्याकडे नावं नोंदवून, परवानगी घेऊन, मगच शिवसागर जलाशयातून लाँचनं पलीकडे. आत किती गेल्या हे बाहेर कुणाला तरी माहीत असतं, म्हणून तर जंगलात बिनघोर चालता येतं. जूनोनं काठावरचा तो माणूसच काढून टाकला, आणि तोही बाकी पाचजणींना न विचारता. साराच्या नवऱ्याशी तिचं काहीतरी होतं हे पुढं उघड होतं, पण माझ्या लेखी तो गुन्हा यापुढं धाकटा.

एक प्रसंग तुला सांगायचाच आहे. वाट बंद होण्याआधी सारा अरुंद बोळात सरपटताना अडकते. हेल्मेट वरच्या दगडाला घासतंय, हात पुढं पसरलेले, मागं घेता येत नाहीत. भीतीनं श्वास वाढतो, श्वासानं छाती फुगते आणि छाती फुगली की दगड आणखी आवळतो. तिची मैत्रीण बेथ उलटी फिरून तिच्या तोंडासमोर येते. तिला सांगते की तुझ्या बाबतीत जे वाईटात वाईट व्हायचं ते होऊन गेलंय, तरी तू आहेस. ही काय, नुसती गुहा. मग एक चावट विनोद सांगते. सारा हसते आणि हलते. तुला त्या वर्षी कुणी असं तोंडावर म्हटलं असतं, तर तू त्याला घराबाहेर काढलं असतंस की त्याच्या गळ्यात पडून रडली असतीस? मला काही ठरवता आलं नाही. पण तुझ्याकडे आलेल्या गर्दीत बेथसारखी एखादी हवी होती असं वाटून गेलं.

हे सगळं खऱ्या गुहेत घेतलेलं नाही. तिथं चित्रण धोक्याचं, म्हणून पाइनवुड स्टुडिओत गुहा उभ्या केल्या आणि बाहेरचा डोंगर स्कॉटलंडचा. तरी खरं वाटतं ते उजेडामुळं. त्या बायकांच्या डोक्यावर, हातात जेवढा उजेड तेवढाच आपल्याला. हेल्मेटचे दिवे, धूर सोडणारी लाल नळकांडी, हिरव्या चमकत्या कांड्या. बाकी पडदा काळा. आपली कराडजवळची आगाशिवची लेणी माणसानं छिन्नीनं बेसाल्टात कोरलेली. तोंडाशी ऊन असतं आणि मागची भिंत दिसते. पाण्यानं पोखरलेल्या गुहेला मागची भिंतच नसते. अंधारात दिसणारा व्हिडिओ कॅमेरा घेऊन त्या एकमेकींकडे बघतात आणि एकीच्या मागं कुणीतरी उभं असलेलं दिसतं, तेव्हा मी उठून दिवा लावला. ती जनावरं पहिल्या चित्रणापर्यंत नट्यांनाही दाखवली नव्हती म्हणे, त्यामुळं त्यांची दचकणी खरी आहेत.

आता शेवट. अंधारात झुंजताना मागून आलेल्या बेथवर जूनो दचकून हत्यार फिरवते, ते मानेत घुसतं. तो अपघात. पण बेथ सोडून जाऊ नको म्हणून विनवत असताना जूनो निघून जाते, तो अपघात नव्हे. मरता मरता बेथ साराला सगळं सांगते. दुसरीकडे, बाहेर पडूया म्हणणाऱ्यांना हीच जूनो ठणकावते की साराला घेतल्याशिवाय मी हलणार नाही. तेही तितकंच खरं आहे, आणि म्हणून मला तिचा निव्वळ राग करता येत नाही. शेवटी दोघी समोरासमोर येतात. सारा जूनोच्या पायात वार करते आणि जनावरांच्या आवाजात तिला टाकून निघते.

अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत सारा बाहेर येते, गाडी पळवते, शेजारी रक्तबंबाळ जूनो दिसते आणि सिनेमा संपतो. मूळ ब्रिटिश प्रतीत तिथून ती पुन्हा गुहेतच जागी होते. समोर तिची लेक वाढदिवसाचा केक घेऊन बसलेली. सारा तिच्याकडे बघून हसते. कॅमेरा मागं सरकतो, तर केक नाही, लेक नाही, मशाल जळतेय आणि जनावरं जवळ येताहेत. लोक म्हणतात हा शेवट क्रूर आहे. मला तो अमेरिकेतल्या शेवटापेक्षा दयाळू वाटला. वर येऊन ती कुणाच्या घरी जाणार होती? सगळ्या सिनेमात ती पहिल्यांदा जिथं असायला हवी तिथं आहे.

हे मी ज्याच्या-त्याच्यापाशी बोलत नाही. आमच्या गटातल्या पोरींना सांगितलं तर त्या जूनोच्याच बाजूनं बोलल्या. म्हणाल्या, तिनं धाडस तरी केलं. मी त्यांना म्हटलं, धाडस स्वतःच्या जिवावर करा, आमची नावं आधी वहीत लिहा. त्यावर अर्धा तास वाद झाला.

पण जूनोला टाकून सारा निघाली, त्याचा निवाडा मला अजून होत नाही. मी असते तर तिला ओढत का होईना बरोबर घेतलं असतं असं वाटतं, आणि मग बेथची मान आठवते. तुझं मत लिहून पाठव. दिवाळीत सांगलीला येईन तेव्हा यावर बोलूच, पण पत्र आधी येऊ दे.

तुझीच,
विजू