पावसाळा वगळून खाडी कशी मोजणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणात नैसर्गिक वायूचे नवे टर्मिनल, म्हणजे जहाजाने आलेला द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे ठिकाण, येणार म्हटले की बोलणे सुरू होते ते नोकऱ्यांचे आणि जमिनीच्या भावाचे. मला लिहायचे आहे ते अशा प्रकल्पाआधी होणाऱ्या पर्यावरण परिणाम अभ्यासाविषयी.

केंद्र सरकारच्या २००६च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेखाली होणाऱ्या या अभ्यासात पाणी, हवा, जीवसृष्टी यांची मूळ स्थिती बहुतेक वेळा एकाच हंगामात मोजतात, तोही पावसाळा सोडून. आमची दाभोळची खाडी घ्या. मार्चमध्ये ओहोटीला बायका चिखलात बसून तिसऱ्या काढतात, खडकावरची कालवे फोडतात (दोन्ही खाण्याचे शिंपले), तेव्हा पाणी खारट असते. जुलैत वाशिष्ठी नदीला पूर आला की तीच खाडी तांबडी होते. वर हलके गोडे पाणी, खाली खारे. हा माशांच्या विणीचा काळ, म्हणूनच १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. सरकारच जो काळ इतका नाजूक मानते, तो अहवालात नसावा?

पावसाळा काय असतो हे वायूच्या धंद्याला चांगले ठाऊक आहे. खाडीच्या मुखाशी असलेल्या, वर्षाला ५० लाख टन क्षमतेच्या टर्मिनलला लाटारोधक बंधारा पुरा नव्हता. त्यामुळे कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाजे लागत नव्हती. जहाजासाठी ज्या समुद्राचा एवढा विचार होतो, त्याचा माशांसाठीही व्हायला हवा.

द्रवरूप वायू उणे १६२ अंशांवर येतो. त्याचा पुन्हा वायू करायला अनेक टर्मिनल समुद्राचे पाणी वापरतात. ते थंड होऊन परत जाते, सोबत नळ्यांत शिंपले धरू नयेत म्हणून घातलेले क्लोरीनही. हे जड, थंड पाणी पुराच्या दिवसांत कुठे बसेल, अंड्यांचे-पिल्लांचे काय होईल, हे जानेवारीच्या नमुन्यावरून सांगता येणार नाही.

कोळशापेक्षा वायू स्वच्छ जळतो, हे मान्य. पण हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता गळालेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरतो. गळतीचा अंदाजही अहवालात हवा.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, पण मराठीत हाती येतो तो अहवालाचा फक्त सारांश. एका सुनावणीत माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी तो माझ्या हातात देऊन विचारले, "सर, आमची कालवं ह्यात कुठं लिहिलीत?" मी दोनदा चाळला. 'सागरी जीव' एवढेच शब्द सापडले. त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही.

म्हणून मागणी एवढीच: खाडीकाठच्या प्रत्येक वायू प्रकल्पासाठी पावसाळ्यासह पूर्ण वर्षाचा अभ्यास व्हावा, कालवे-तिसऱ्यांच्या जागा तिथल्या बायकांना बरोबर घेऊन नकाशावर दाखवाव्यात आणि सबंध अहवाल मराठीत गावात पोचल्यावरच सुनावणीची तारीख ठरवावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी