सुटे भाग घेण्याआधी

कऱ्हाड

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

गेम खेळायला नवा कॉम्प्युटर जोडण्यासाठी तू केलेली सुट्या भागांची यादी मी दोन रात्री दुकान बंद केल्यावर वाचली, एकेक नाव शोधून पाहिलं. ६० हजारांतले २५ हजार तू शिकवण्या घेऊन साठवलेस. त्यातला एक रुपयाही वाया जाऊ नये असं मला फार वाटतं.

यादीत प्रोसेसर मोठा आणि ग्राफिक्स कार्ड लहान झालंय. तुझा प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स आठ कोअरचा, म्हणजे एका वेळी काम करणाऱ्या आठ मेंदूंचा, आहे खरा, पण गेममध्ये चित्र उभं करायचं काम कार्डाचं. तू लिहिलेलं आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड ४ जीबी मेमरीचं, आणि ते मदरबोर्डाशी चारच लेननी, म्हणजे माहिती नेणाऱ्या चारच वाटांनी, बोलतं. त्यात तुझा ए५२० बोर्ड पीसीआयच्या तिसऱ्या पिढीचा, म्हणजे त्या वाटाही हळू. कार्डाची मेमरी भरली की राहिलेला माल रॅममधून या अरुंद बोळातून आणायचा, म्हणजे खेळ तिथेच अडखळणार. त्यापेक्षा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० घे. त्याच्या खोक्यात कूलर येतो. ५७००एक्सला तो वेगळा घ्यावा लागतो. वाचलेले पैसे आरएक्स ६६०० कडे वळव. ते ८ जीबीचं आहे, लेन आठ. तुझ्या १०८०पी मॉनिटरला ते चांगलं पुरेल. रंगीत दिव्यांचे पंखे मात्र या वेळी राहू देत.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. यादीत तू नुसतं ‘४५० वॅट, कॅबिनेटसोबत’ असं लिहिलंयस. ते वाचून मी थबकलो. आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस असाच कॅबिनेटसोबत आला होता. तो जळाला तेव्हा मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. चार वर्षांच्या उधारीच्या नोंदी गेल्या, त्या मी आणि आईने वह्यांवरून पुन्हा लिहून काढल्या.

तू लहानपणी दुकानात बसायचीस तेव्हा विजेच्या मोटारीवरची पाटी वाचायला मी तुला शिकवलं होतं. एचपीचा आकडा मोठा असला तरी आधी अँपिअर बघायचे. एसएमपीएसवरही तशीच पाटी असते. तिच्यावर १२ व्होल्टचा रकाना शोध. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः तिथूनच वीज ओढतात. तिथे १८ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच झाले, बाहेर ४५० लिहिलेलं असलं तरी. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात, ५६०० भाराखाली ७६ पर्यंत जातो. बेरीज २०८. मग पंखे, बोर्ड यांना काय उरलं? ३६ अँपिअरचा असेल तर ४३२ वॅट मिळतात, तो घे. त्यावर ८० प्लस ब्रॉन्झचा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, शिक्का हवा. मोटार गुंडाळताना हलकी तार वापरून पैसे वाचवणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या मोटारी पुन्हा माझ्याच टेबलावर येतात.

रॅम एक १६ जीबीची नको, ८-८ च्या दोन काड्या घे, म्हणजे रॅमच्या दोन्ही वाटा, म्हणजे चॅनेल, चालतील. जोडून झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी हा रॅमच्या पूर्ण वेगाचा पर्याय सुरू कर, नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगानेच चालत राहील. दुकानदाराने बी४५० बोर्ड पुढे केला तर बायोस ५६०० साठी अपडेट केलेला आहे का ते विचार. तो बोर्ड २०१८ चा आहे.

जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय असं तुझा मित्र म्हणाला म्हणे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं करून ते चलन मिळवणं, बंद झालं, तेव्हा महिनोन्महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. वरून पाहून ती ओळखू येत नाहीत. तू नवंच घे.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत घे किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला जा, पण जीएसटीचं पक्कं बिल घे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घे. बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडायला हातात काही राहत नाही.

खोलीतला तीन पिनचा सॉकेट आधी इलेक्ट्रिशियनला दाखव. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समज, आणि मालकाकडून ते करून घेतल्याशिवाय मशीन चालू करू नकोस.

मी ३५ हजार तुझ्या खात्यावर सोमवारी भरतो. एसएमपीएसचे पैसे देण्याआधी त्याच्या पाटीचा फोटो मला पाठव. मी दुकानात असेन, लगेच बघून सांगतो.

तुझा,
बाबा