बॅरल लांब म्हणजे नेम पक्का?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ आणलं तेव्हापासून ठाण्यातली पोरंपण शूटिंगला जायला लागलीत, भारीच आहे, पण पालक दुकानात जाऊन "लांब बॅरलवाली (लांब नळीची) रायफल दाखवा, नेम पक्का लागतो" म्हणतात ते काही पटत नाही. अहो, पॉइंट टूटूच्या (.22 इंच जाडीच्या छोट्या) गोळीला 16-20 इंचात जवळपास सगळा वेग मिळून जातो, पुढचं नुसतं वजन, आणि नेम नीट धरता यावा म्हणून पुढच्या-मागच्या साईट्समधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर वाढवायचं तर पुढे पोकळ ट्यूब लावतातच की! उलट आखूड बॅरलमधून गोळी लवकर सुटते, हात हलायला वेळच कमी. शाळकरी पोरीला पुढून जड रायफल दिली की थोड्या वेळात डावा हात थकतो, छर्रे खाली लागायला लागतात, आणि बोलणी तिलाच. शिवाय 10 मीटर एअर रायफलला (हवेच्या दाबावर छर्रा मारणाऱ्या) यंत्रणेच्या मागच्या टोकापासून (खांद्याच्या दस्त्यापासून नव्हे) नळीच्या तोंडापर्यंत 850 मिलीमीटरची मर्यादा आहे, ती आधी मोजून घ्या.

– एक पालक, ठाणे