अर्धी गोळी, भरल्या पोटी

फोंडा, गुरुवार

चि. सुयश,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाहिला. नालट्रेक्सोन, 50 मिलिग्रॅम. "दारू पूर्ण सोडायची नाही, कमी करायचीय" असं तू त्यांना सांगितलंस, म्हणून ही गोळी आली, आणि ती बरोबरच आहे. तुझे प्रश्न कागदावर उतरवते, फोनवर तुझं अर्धं लक्ष टीव्हीकडे असतं.

आधी एक गोष्ट, आणि तिचं उत्तर मला नको, डॉक्टरांना दे. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? घाम फुटतो का? घोटभर घेतल्यावरच बरं वाटतं का? तसं होत असेल तर गोळी सुरू करण्याआधी सांग, आणि स्वतःच्या मनाने एका रात्रीत पिणं तोडू नकोस. शरीर रोजच्या दारूला सरावलेलं असलं की शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसतात, आणि ते जिवावरही बेततं. नालट्रेक्सोन यातलं काहीही अडवत नाही. त्यासाठी वेगळी औषधं असतात, थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व असतं, आणि ते सगळं देखरेखीखाली द्यावं लागतं. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, त्याची सोय आहे.

आता गोळी काय करते ते. दारू पोटात गेली की मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, आणि 'अजून एक' ही ओढ बरीचशी त्याचीच असते. एंडॉर्फिन जिथे जाऊन बसतं त्या जागा ही गोळी आधीच अडवून ठेवते. दारू चढते तेवढीच चढते, फक्त तिची गोडी कमी होते. म्हणून गोळी घेतली तरी स्कूटरला हात लावायचा नाही. कायद्याने रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, आणि ती हद्द तुला वाटते त्याच्या फार आधी ओलांडली जाते.

सुरुवात अर्ध्या गोळीने, म्हणजे 25 मिलिग्रॅमने कर, डॉक्टरांनीही तसंच लिहिलंय. सुरीने तोडलीस तर एक तुकडा मोठा होतो आणि दुसऱ्याचा चुरा पडतो. गोळी कापायची प्लास्टिकची छोटी डबी औषधाच्या दुकानात मिळते, ती घे. सकाळी दहाच्या पेजेनंतर घे, उपाशी पोटी कधीच नको. पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं दुखतं, झोप विस्कटते. बहुतेक जण गोळी सोडतात ते इथेच, आणि मग "मला लागू पडली नाही" म्हणतात. त्रास वाढला तर पूर्ण गोळीवर जायला आणखी चार दिवस मागून घे, पण बंद करू नकोस. काही डॉक्टर रोज न देता पिण्याच्या दिवशी, पहिल्या घोटाच्या एक तास आधी घ्यायला सांगतात. तुला रोज सांगितलीय, तर रोज घे. पार्टीला जाताना गोळी 'विसरणं' ही या औषधाची नेहमीची पळवाट आहे.

फरक पडतोय की नाही हे कसं कळणार, असं विचारलंस. मोजून. आणि इथेच सगळे स्वतःला फसवतात, कारण घरच्या ग्लासात बोटाने मोजलेला पेग कधीच 30 मिलिलिटरचा नसतो. खोकल्याच्या औषधाची मापाची टोपी घे, तिच्यावरच्या खुणा बघून 30 मिलिलिटर पाणी मोजून ग्लासात ओत आणि बाहेरून पेनने रेघ मार. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेल्या दारूच्या 30 मिलिलिटरमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. ते एक माप धर. फेणीही जवळपास तेवढीच कडक. क्वार्टर म्हणजे सहा मापं, स्ट्राँग बियरची 650ची बाटली म्हणजे चार. आणि हुर्राक, काजूची ती पहिल्या धारेची दारू! लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली मिरची घातली की ते सरबतच वाटतं. पण 15 टक्के धरलं तर 180 मिलिलिटर हुर्राकात दोन मापं जातात. तसे तीन ग्लास म्हणजे एक क्वार्टर. रोज रात्री आकडा कॅलेंडरवर लिही. गोडी हळूहळू सुटते, आठवड्यांचं काम आहे. तीन महिन्यांनी आकडा हलला नसेल तर डॉक्टरांना कॅलेंडरच दाखव.

रक्ततपासणी चुकवू नकोस. यकृताच्या चाचण्या सुरुवातीला आणि मग अधूनमधून लागतात. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी गोळी थांबवून दाखवायला जा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन. या गोळीवर असताना ही दुखण्याची औषधं नीट चालत नाहीत, आणि ती अंगात असताना गोळी घेतली तर उलट्या, कळा आणि थरकाप सुरू होतो. निदान 7 ते 10 दिवसांचं अंतर लागतं. ट्रामाडॉल पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं, दातांच्या दवाखान्यातही लिहून मिळतं. कोडीन खोकल्याच्या सिरपमध्ये असतं. पाकिटात चिठ्ठी ठेव: "मी नालट्रेक्सोन घेतो." अपघात झाला आणि तुला बोलता आलं नाही, तर ती बोलेल. ठरलेलं ऑपरेशन असेल तर निदान तीन दिवस आधी बंद करावी लागते, पण तारीख डॉक्टर ठरवतील.

मावशीने सुचवलेल्या दुसऱ्या गोळीबद्दल: डायसल्फिराम. ती घेऊन दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर 14 दिवसांपर्यंत हे होऊ शकतं. ज्याला पूर्ण सोडायचीय आणि जो समजून-उमजून घेतो त्याच्यासाठी ती आहे. माडाच्या सुरेचं विनेगर, सूर घालून फुगवलेली सान्नां, माउथवॉश, दाढीनंतर लावायचं लोशन, सगळं सांभाळावं लागतं. 'पिणाऱ्याच्या नकळत' द्यायच्या पुड्यांच्या जाहिराती तिने पाहिल्यात. न सांगता असलं काही देणं म्हणजे विषप्रयोगच. तुझ्या माशांच्या हुमणात मी काही कुटून घालणार नाही, आणि तिलाही घालू देणार नाही. निश्चिंतपणे जेव.

तिसरी गोळी अकॅम्प्रोसेट. 333 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, पिणं थांबवल्यानंतर. यकृत बिघडलेल्यांना बरी, पण मूत्रपिंड तपासून. तुझा तो प्रश्न आज नाही.

गोळीबरोबर बोलायलाही जा. गोव्यातच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने अभ्यास केला, तो 2017मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक, फार तर चार बैठका. तीन महिन्यांनी त्या गटातले 36 टक्के पुरुष धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारात 26 टक्के. रात्री-बेरात्री जीव घाबरला तर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 लाव, पैसे पडत नाहीत.

शनिवारी येताना गोळ्यांची पट्टी आणि कॅलेंडर दोन्ही आण. किती प्यायलास ते मी विचारणार नाही, पट्टीवरच्या रिकाम्या खणांकडे मात्र बघणार आहे.

तुझी,
आई