धाकट्याला पुन्हा त्याच जागी उभं कर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेचा खर्डा दोनदा वाचला. धाकट्याने थोरल्याला जमिनीत बुडवलं, वीस वर्षांनी येऊन पाय धरले, थोरल्याने उचलून पोटाशी घेतलं. मन काही हललं नाही, कारण पाय धरायला धाकट्याला गाठीचं काहीच सोडावं लागत नाही.

बायबलमधली योसेफाची गोष्ट उत्पत्तीच्या 37व्या अध्यायापासून सलग वाच, पण लक्ष त्याच्या सावत्र भावावर, यहूदावर, ठेव. बापाच्या लाडक्या योसेफाला भाऊ मारायला निघाले, तेव्हा मारून काय मिळणार, विकून टाकू, हे यहूदाचंच डोकं. किंमत चांदीची 20 नाणी. मग बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा बापापुढे येतो, ‘ओळखा, तुमच्या मुलाचाच का?’ पुढच्याच अध्यायात गोष्ट योसेफाला सोडून यहूदाच्या घरात शिरते. पुष्कळांना ते ठिगळ वाटतं. मला तो सांधा वाटतो. तिथे यहूदाचे दोन मुलगे मरतात आणि सून तामार त्याचीच मुद्रा नि काठी त्याच्याकडे पाठवून म्हणते, ‘ओळखा’. हिब्रूत दोन्हीकडे शब्द एकच आहे. मुलगा गेल्यावर बापाचं काय होतं ते त्याला आता घरातच कळलेलं असतं. तुझा धाकटा वीस वर्षांत का बदलला, याचं एकही कारण खर्ड्यात सापडत नाही.

मग प्याल्याचा प्रसंग. दुष्काळात भाऊ धान्यासाठी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आलेले, आणि तिथे योसेफ आता मोठा अधिकारी. धाकटा भाऊ बन्यामीन, त्याच्या गोणीत योसेफाचा चांदीचा प्याला सापडतो. योसेफासारखा तोही राहेलच्याच पोटचा, तोही बापाचा लाडका. त्याला मिसरात टाकून बाकीच्यांनी खुशाल घरी जावं, अशी मोकळीकही मिळालेली. म्हणजे मोह तोच, सुटकेची वाट तीच. यहूदा पुढे होतो, बायबलची 17 वचनं भरतील इतकं बोलतो आणि शेवटी म्हणतो, पोराऐवजी मला गुलाम ठेवा. समोरचा अधिकारी योसेफच आहे हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर सगळं सोंग झालं असतं. हिशेबही बघ किती चोख: विकला तेव्हा योसेफ 17 वर्षांचा, फारोपुढे, मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा 30चा, मग सुकाळाची 7 आणि दुष्काळाची 2, एकूण 22 वर्षं. तूही वयांचा तक्ता कर. तुझा थोरला तिसऱ्या भागात चार वर्षांनी लहान झालाय.

दगा तू एकाच बाजूने लिहिलास. सुग्रीव गुहेच्या तोंडाशी वर्षभर थांबला, रक्ताचा फेस बाहेर आलेला पाहिला, भाऊ मेला समजून शिळा लोटली. वालीला दिसली फक्त शिळा आणि गादीवर बसलेला भाऊ. धाकट्याकडेही अशी एखादी शिळा असू दे.

आता कागद, कारण भाऊबंदकी कागदावर चालते. रात्री अंगठा घेतला आणि सकाळी सातबारा बदलला, असं होत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, म्हणजे थोरला तिथे गेलाच असणार. त्याला काय सांगून नेलं? पीककर्जाचे कागद? पुढे तलाठी फेरफार, म्हणजे मालक बदलल्याची नोंद, धरतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. खरी कथा त्या 15 दिवसांत आहे. नोटीस कुणी घेतली, कुठल्या फडताळात गेली, धाकटा रोज रात्री जेवताना थोरल्याशी काय बोलत होता? तू ते दिवस एका ओळीत उडवलेस. आणि बहीण? कथा 2005च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर घडते, वडिलोपार्जित जमिनीत तिचाही वाटा आहे. ती नुसती चहा आणून देते. तिची सही कुणी आणि कशी घेतली ते लिही, नाहीतर जाणता वाचक तिथेच अडेल.

पाय धरण्याचा प्रसंग काढून टाक. थोरला परगावी असताना विहिरीच्या गटाची नोटीस पुन्हा धाकट्याच्याच हातात येऊ दे, पुन्हा तेच 15 दिवस. घरात बघणारं कुणी नको, बायकोसुद्धा नको. त्याने ती थोरल्याला नेऊन द्यावी, त्यात या वेळी स्वतःचं नुकसान होत असताना. जुनी जमीन परत करायची तर बक्षीसपत्र, दोन साक्षीदार आणि पुन्हा तेच नोंदणी कार्यालय. तो बाक, ती रांग, दोघांनी शेजारी बसून वाट बघणं.

तिथेही थांबू नकोस. योसेफाचा बाप याकोब मिसरात 17 वर्षं राहून वारला, तेव्हा भाऊ पुन्हा घाबरलेच, की योसेफ आता सूड घेतो की काय. तुझ्या कथेत आई वारल्यावर तेराव्यानंतर सहीचा एक कागद येऊ दे, अगदी साधा, वारस नोंदीचा. थोरल्याला चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू दे. धाकटा समोर पेन धरून बसलेला.

तुझी,
आई