नकाशा घेऊन आमच्या पत्र्याखाली बसलेल्या दादाला

दादा, तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीय. पण थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं अन् आई रोज मागं लागलीय म्हणून लिहायलेय.

परभणीचा उन्हाळा काय सांगायचा. पेपरात येतं ते तापमान कृषी विद्यापीठातलं, झाडीतलं. आमच्या पत्र्याखाली किती असतं ते मोजायला कोण येतंय? तुमच्या आधी लई साहेब येऊन गेले, फोटो काढले, "दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका" म्हणून पत्रक हातात दिलं. अहो, घरातच तर भाजायलोय, बाहेर लिंबाखाली तरी बरं असतं! अहमदाबादनं २०१३ लाच उष्णतेचा आराखडा केला, आमच्या वाट्याला अजून पत्रकंच.

तुम्ही लॅपटॉप उघडला तेव्हा वाटलं, आला आणखी एक. सॅटेलाइटवरून जमिनीचं तापमान, एआयनं ओळखलेली छतं, कुठं पत्रा कुठं स्लॅब, बोट लावलं की माहिती समोर, सगळं भारीच होतं, फक्त आमची वस्ती निळी! म्हणजे थंड!! दुसरा कोणी असता तर म्हणला असता मशीन सांगतंय ना, मग बरोबरच असणार. तुम्ही लॅपटॉप आईकडं फिरवला अन् विचारलं, "मावशी, हे पटतं का तुम्हाला?" माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही, तिला आजवर कोणत्याच शिकलेल्या माणसानं असं विचारलं नव्हतं हो. ती म्हणली, "येडं झालंय तुझं मशीन, बस हितं घडीभर." अन् तुम्ही खरंच बसलात, भर दुपारी, शर्ट घामानं चिंब झाला तरी उठला नाहीत.

मग तुम्हीच सांगितलं, नवा चकचकीत पत्रा कितीही तापला तरी त्यातून किरणं कमी बाहेर पडतात, म्हणून सॅटेलाइट फसतो. नकाशा दुरुस्त झाला, वस्ती लाल झाली अन् घर कमी तापावं म्हणून छताला पांढरा रंग द्यायच्या यादीत आमची घरं आली. पुढचं कागदपत्रांचं रामायण राहू द्या. हुशार माणसं पुष्कळ भेटतात, दुसऱ्याचं ऐकून आपलं खोडणारी कमी.

आता आईचा निरोप. तुमचा सॅटेलाइट सकाळी जातो म्हणलात ना, मग रात्रीचं काय? पलीकडचे स्लॅबवाले रात्री लेकरं घेऊन रस्त्यावर बसतात, दिवसभर तापलेला स्लॅब झोपू देत नाही. त्यांचंही बघा म्हणती. अन् आता रात्रीच यायचं, जेवायलाच.